तांबडी पट्टी

"ती तांबडी पट्टी काढ," टॅक्सी कंपनीचा मालक मेलिस म्हणाला. "सकाळपासून एक गिऱ्हाईक फिरकलेलं नाही."

उलकानने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. किर्गिझस्तानात बिश्केकहून डोंगरातली खिंड ओलांडून ओशला जाणाऱ्या टॅक्स्यांचं अ‍ॅप तिनेच लिहिलं होतं. त्यातल्या एका चौकटीत रस्ते खात्याचं पान उघडे. पान उघडताच तिचा कोड त्यात शिरे आणि मेनू, जाहिराती, खात्यातल्या साहेबांचे फोटो झाकून टाकी; प्रवाशांना खिंडीची खबर तेवढी दिसावी म्हणून. आज तिथे तांबड्या पट्टीत खात्याचा इशारा होता : 'हिमकडा कोसळण्याचा धोका. प्रवास टाळा.'

"बाइके," थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत ती म्हणाली, "ते पान आपलं नाही."

"पान त्यांचं, अ‍ॅप माझं. साहेबांचे फोटो झाकलेस तेव्हा कुठे गेलं होतं हे शहाणपण?"

"फोटो झाकल्यानं माणसं मरत नाहीत."

"मी काय खोटं लिहितोय? फक्त दाखवत नाहीये."

तिने साफ नकार दिला. मग मेलिसने स्वतःच तिच्या कोडमध्ये एक ओळ घातली. दुपारी तिने फोन उघडला, तर पट्टी गायब. उलकानच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच टॅक्सीतळावर धावली.

"ओशला जाऊ नका! खिंडीत धोका आहे!"

"एजे, अगं ताई, अ‍ॅपमध्ये तर काहीच नाही," एक ड्रायव्हर हसला.

"अ‍ॅप मीच लिहिलंय! ते लपवतंय!"

"मग आधी तुलाच आत टाकायला हवं!"

सगळे हसले. तिने खात्याचं मूळ पान उघडून प्रत्येकाच्या नाकासमोर धरलं. कडेवर मूल असलेली एक बाई तेवढी उतरली. गाडी गेली.

ती गाडी ओशला सुखरूप पोचली.

"बघ!" दुसऱ्या दिवशी सकाळी मेलिस म्हणाला. "झालं का काही?"

"झालं नाही, हे त्यांचं नशीब. तुमची त्यात काय मर्दुमकी?"

खिंडीतला इशारा अजून कायम होता. तिने मेलिसची ओळ त्याच्यासमोर पुसली.

"उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्या कशाला? आत्ताच जाते."

कोट चढवून ती तळावर आली. एक म्हातारा प्रवासी टॅक्सीच्या टपावर पिशव्या बांधत होता. मध्येच त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, अ‍ॅपमध्ये परत आलेली तांबडी पट्टी पुन्हा वाचली.

"आज नको रे, बाळा."

ड्रायव्हरने शिवी हासडली. म्हातारा बधिरलेल्या बोटांनी दोरीची गाठ सोडू लागला. उलकानने हातमोजे काढले आणि दुसरी गाठ धरली.