सुतकातलं नख

मनी तीन पायांवर लंगडत चुलीपाशी आली, तेव्हा शेजारच्या गोजरबाईनं आणून दिलेली भाकरी तशीच झाकलेली होती आणि कचरू भिंतीला टेकून बसला होता. गोजरबाईनं मांजरीचा पंजा उचलून पाहिला. वाकडं नख तळव्यात रुतलं होतं.

"काढून टाक की भाऊ हिचं नख. तुझ्या हातचंच काम हाय."

"दहावा होऊ दे. सुतकात नखं काढीत न्हाईत."

"मुक्या जिवाला कशाचं सुतक?"

"तिच्या मांडीवर वाढली. घरचीच झाली न्हाई का मंग?"

गोजरबाईनं पंजा खाली सोडला. कचरू न्हावी रीतीला भलताच पक्का, हे केदारखेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बायको साळूबाई गेल्यावर तर धरून बसायला त्याच्याजवळ रीतीशिवाय काही उरलंच नव्हतं, बिचाऱ्याजवळ.

बहात्तरच्या दुष्काळात साळूबाई खडी फोडायला जायची. तिथंच या पिलाच्या पंजावर दगड पडला. तिनं त्याला पदरात घालून घरी आणलं, कामावर मिळणारी आपल्या वाटची सुकडी चारली. पंजा बरा झाला, पण एक नख वाकडंच वाढायला लागलं. मग दर महिन्याला ती मनीला मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांवर पदर धरायची आणि कचरू नराणीनं ते नख काढायचा. पाटलाची नखं काढावीत इतक्या अदबीनं काढायचा, म्हणून साळूबाई त्याला हसायची.

दहाव्याला नदीवर भोकरदनच्या भावानं कचरूची हजामत केली, नखं काढली. घरी येताच त्यानं आधी हत्यारांची धोकटी उघडली. मनी काही हाती लागेना. शेवटी त्यानं साळूबाईचं जुनं लुगडं अंथरलं, तशी ती आपणहून येऊन त्यावर पडली. कचरूनं तिच्या डोळ्यांवर पदर ओढला आणि नख काढलं. मागोमाग पू आला. पाय पार खांद्यापर्यंत सुजला होता. त्यानं लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं जखम धुतली, हळद भरली, दूध पुढं ठेवलं. दुधाला तिनं तोंड लावलं नाही.

सकाळी ती तशीच लुगड्यावर होती, गार झालेली. कचरूनं लुगड्यासकट तिला परसात पुरलं. बायको गेली तेव्हा चारचौघांत त्याला रडता आलं नव्हतं. आता तो मनसोक्त रडला.

परत येतो तर रामकिसन ओट्यावर हजामतीला बसलेला. न्हाव्याच्या घरात सुतक म्हणून त्याचीही दाढी वाढली होती.

"आज न्हाई," कचरू म्हणाला. "सुतक हाय घरात."

"कालच दहावा झाला न्हाई का?"

 कचरूनं नराणी पुसून धोकटीत ठेवली, धोकटी खुंटीला टांगली आणि येऊन उंबऱ्यावर बसला. रामकिसननं त्याच्या हाताला लागलेली माती पाहिली. दाढी चाचपत तो उठला आणि त्याच्या शेजारी येऊन टेकला.