फुल की लिमिटेड

आमच्या बाबांना, म्हणजे वरूडच्या वामनरावांना, कशातही कमी चालत नाही. पाहुण्याच्या पानातला भात संपायच्या आत दुसरा वाढतील. संत्र्याची पेटी दिली तर झाकण बसणार नाही इतकी भरून. अशा माणसाने नव्या टीव्हीला जुना कॉम्प्युटर जोडला आणि पडद्यावर प्रश्न आला, रंग ‘फुल’ हवेत की ‘लिमिटेड’? त्यांनी काय दाबलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

मी अकोल्याहून दिवाळीला माहेरी आले, तर दारातच आई सुरू झाली. “वर्षाली, पाय वं माय! माह्या शालूचा कोळसा करून ठेवला यायनं.”

टीव्हीवर माझ्याच लग्नाची सीडी चालू होती, बारा वर्षांपूर्वीची. सगळ्यांचे चेहरे चुना फासल्यासारखे, आणि त्यांच्या मागे ठार काळोख.

“बाबा, हे लिमिटेड करावं लागते,” मी म्हणाले.

“काहून? टीव्ही पुरा घेतला, मंग रंग अर्धे काहून घ्याचे? लिमिटेड थाळी असते. आपल्या घरी कोणाले लिमिटेड वाढलं का कधी?”

आता यांना काय समजावणार! कॉम्प्युटर काळा रंग शून्यापासून मोजत होता आणि टीव्ही सोळापासून. दोघांचं जमत नव्हतं, म्हणून मधल्या साऱ्या गडद छटा काळ्यात बुडत होत्या. बाबांनी ऐकून घेतलं आणि रिमोट काही सोडला नाही.

तेवढ्यात पाठवणी आली. हा भाग मी कधी पाहिलाच नव्हता. त्या संध्याकाळी सगळे गाडीपाशी जमले होते, फक्त बाबा नव्हते. सासरचे खोळंबले, मी वाट पाहिली आणि शेवटी त्यांना न भेटताच निघाले. “मी तं तिथंच होतो, जनरेटरपाशी,” हे त्यांचं बारा वर्षांचं उत्तर, आणि “असं का?” हे माझं. तिथे असते तर दिसले नसते का? आणि असलेच, तर पोरीपेक्षा जनरेटर जवळचा! मला अजून राग होता.

मी माऊस ओढून घेतला आणि लिमिटेड केलं.

काळोख उघडला. आईच्या शालूचे काठ दिसले, कडुनिंब दिसला, जनरेटर दिसला. त्याच्या बाजूला खुर्च्यांची थप्पी, आणि थप्पीला टेकून एक माणूस. खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबलेला, खांदे गदगद हलत होते. गाडी निघाली तसा तो चार पावलं तिच्यामागे धावला आणि थांबला.

“तो मी नोय,” बाबा घाईने म्हणाले. “तो आचारी होय.”

“आचाऱ्यानं तुमचा कोट घातला होता काय?” आई म्हणाली.

मला रडू फुटलं. बारा वर्षं मी या माणसाला खोटं ठरवत होते, याची लाज वाटली.

“बाबा, मंग समोर काहून नाही आले?”

त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. “आलो असतो,” ते म्हणाले, “तं तुले त्या गाडीत बसूच देलं नसतं मीनं.”