गेले म्हणजे

“नाव सांगा बाई, म्हणजे शोधून देतो,” नरसिंगराव मास्तर पुन्हा म्हणाले आणि बयनाबाईनं पुन्हा पदर तोंडाशी नेला.

भर रस्त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे काय! मास्तर पडले करीमनगराकडचे. इथला जिल्हा आंध्रात गेला तशी त्यांची बदली या गावच्या शाळेत झाली होती. मराठी धडपडत शिकत होते बिचारे. मग त्यांच्या लक्षात आलं, आपली बायको तरी कुठं घेते आपलं नाव?

“बरं, मी वाचत जातो. आलं की ‘हां’ म्हणा.”

जैनथच्या फाट्यावर नवा दगड उभा राहिला होता, चांगला पुरुषभर उंच. आधीच्या मैलाच्या दगडावर उर्दू होती, यावर तेलुगू. बयनाबाईला दोन्ही सारखीच. त्यावर आपल्या माणसाचं नाव आहे, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. मास्तर एकेका नावावर बोट ठेवत वाचू लागले. “डोमाजी” ऐकलं आणि ती ‘हां’ म्हणाली नाही, उलट विचारू लागली.

“हे कायचे नावं हायेत, मास्तर?”

“पोलीस ॲक्शनच्या टायमाला जे मेले, त्यांचे.”

“पन आमचे तं मेले नाई जी. आमचे गेले!”

मोंगलाईच्या शेवटच्या पावसाळ्यात डोमाजी पैनगंगेवर डोंगा चालवायचा. वऱ्हाडातल्या छावणीतली, निजामाशी लढणारी पोरं तो चोरून अल्याड आणायचा, पल्याड सोडायचा. एका पहाटे गेला तो आलाच नाही. डोंगा मात्र पल्याडच्या काठाला नीट बांधलेला सापडला. बुडालेला माणूस डोंगा बांधेल का? आणि पळून जाणारा तो बांधायला थांबेल का? गावानं आपापल्या सोयीनं उत्तर काढलं. कोणी म्हणे रझाकारांनी मारला. कोणी म्हणे पांढरकवड्याच्या बाजारात पाहिला, दुसरीला घेऊन भजी खात होता. भजी कशाची होती तेही सांगणारे होते! मेला असेल तर मान, जिता असेल तर लाज. आणि बयनाबाई रोज सकाळी कुंकू लावायची, म्हणजे रोज लाजेचीच बाजू घ्यायची. असं आठ वर्षं चाललं होतं.

“मग नाव कोणी दिलं?” मास्तरांनी विचारलं.

बयनाबाईनं आठवून पाहिलं. उन्हाळ्यात तहसिलीचा पेशकार, तिथला कारकून, घरोघरची नावं लिहून घ्यायला आला होता, उर्दूवाला.

“तो म्हने, तुम्हारे आदमी? मी म्हटलं, गेले. तो म्हने, कहाँ? मी म्हटलं, नद्दीपार. तं त्यानं मान हालवली, च्‌ च्‌ केलं. मले वाटलं, भला मानूस हाय, टाकलेल्या बाईची कीव करून राह्यला. नाव तं जाऊबाईनं सांगतलं.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. “आमच्या तेलुगूत पण तेच, बाई. पोयाडु! गेला तरी पोयाडु, मेला तरी पोयाडु.”

“म्हंजे मीच मारलं का त्याहीले?”

“अहो, चूक आहे ती. मी तहसिलीत सांगतो, नाव काढून टाकतील.”

“काढू नोका!” बयनाबाई एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यानं जाणारा गाडीवान वळून पाहू लागला. नाव काढलं तर गाव म्हणणार, पाहा, पळालाच होता, सरकारनंसुद्धा नाव काढलं.

“मग राहू दे?”

“राह्यलं तं...” तिचा हात कपाळाकडे गेला. “मले काईच समजून नाई राह्यलं, मास्तर.”

मास्तरांनाही काही समजत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, परत लावला आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेले.

घरी जाऊबाईला, राहीबाईला, मात्र सगळं लख्ख समजत होतं.

“सव्वीस जानेवारीले दगडाचा कार्यक्रम हाय. बायकाइले लुगडं-नारळ देऊन राह्यले. मोकळ्या कपाळानं जाय अन् घेऊन ये. इतके दिवस कुंकू लावून काय भेटलं वं तुले? लोकाइचे टोमने!”

“अन् ते आले तं?”

“आले तं आले! परत लावजो.”

“कुंकू का दिवा हाय, इझवला अन् लावला?” बयनाबाई म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून रडली.

सव्वीस तारखेला ती कुंकू लावूनच गेली, अगदी मागे बसली. साहेबाचं भाषण तेलुगूत झालं. पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या की मागचेही वाजवत होते. मग भोंग्यातून एकेक नाव येऊ लागलं आणि आवाज घुमला, “श्री डोमाजीगारू!”

उभ्या जन्मात त्याला कोणी डोमाजीराव म्हटलं नव्हतं. ‘अबे डोम्या, डोंगा आन’ यातच त्याची उमर गेली. आणि आज सरकार त्याला श्री म्हणत होतं, वर गारू म्हणत होतं! बयनाबाईला वाटलं, हे त्यानं ऐकायला पाहिजे होतं. जिथं असेल तिथून ऐकायला पाहिजे होतं.

भोंग्यानं त्याच्या बायकोला बोलावलं. राहीबाईनं कोपरानं ढोसलं. “ऊठ ना वं! काऊन बसून राह्यली?”

बयनाबाई अर्धी उठली. चार-दोन माना वळल्या, नजरा थेट तिच्या कपाळावर आल्या. ती परत खाली बसली. लुगडं-नारळ टेबलावर तसंच राहिलं आणि शेवटी जीपमध्ये गेलं. राहीबाई तणतणत निघून गेली.

सगळे पांगले. जीपच्या धुळीनं नवाकोरा दगड पार मातकट झाला होता. बयनाबाई पुढे आली, पदराचं टोक हातात घेतलं आणि एकेक नाव पुसू लागली. मास्तर सतरंजी गुंडाळता गुंडाळता पाहत होते. वरची नावं झाली, खालची झाली. मास्तरांनी त्या दिवशी बोट ठेवलं होतं त्या मधल्या नावाशी येऊन तिचा हात थांबला.

“तेवढं राहिलं, बाई,” मास्तर म्हणाले. “पुसून टाका.”

बयनाबाईनं पदर झटकला आणि कमरेला खोचला.

“थे नाई पुसत मी,” ती म्हणाली आणि घराच्या वाटेला लागली.