गरम पाणी आणि कोरडा टॉवेल

"पाणी ओत गं, बघत काय राहिलीस!"

उत्तरा भानावर आली. सरलाताई बाथटबात चक्क पाय पसरून बसल्या होत्या आणि अकरा दिवसांची पोर त्यांच्या पायांवर पालथी, तेलानं नुसती चकाकत होती. उत्तरानं मगातून कोमट पाण्याची धार सोडली. पोरीनं भोकाड पसरलं.

"रड बाई रड, छाती मोकळी होते," सरलाताई म्हणाल्या.

आईचा व्हिसा नाकारल्याचा फोन आला तेव्हा उत्तरा ह्यूस्टनच्या हॉस्पिटलातच होती. हमसून हमसून रडत होती. तेवढ्यात रात्रपाळीची नर्स जवळ आली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाळाला न्हाऊ घालायला कोणी नाही, एवढंच ना? मी येते की!" त्या ह्या सरला साळवे, मूळच्या नगरच्या. तेव्हापासून ड्यूटी संपली की रोज सकाळी साडेआठला बाई शुगर लँडला उत्तराच्या घरी हजर.

पुरुषोत्तमला हे काही पचेना. उत्तराचा नवरा तेल कंपनीत इंजिनिअर, प्रत्येक गोष्टीमागे काय आहे ते शोधायची त्याला खोडच. पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, "सरलाबाई, स्पष्टच विचारतो. तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

"गरम पाणी," त्या म्हणाल्या. "आणि कोरडा टॉवेल. कालचा ओलसर होता."

उत्तराला हसू आवरेना. पण त्या गेल्यावर तो म्हणाला, "हसू नकोस. ख्रिश्चन आहेत त्या. बघ, एक दिवस पर्समधून पुस्तक निघेल. मग प्रेयर, मग चर्च. आणि आपण ऑब्लाइज्ड झालेलो! नाही कसं म्हणणार?" असं म्हणत त्यानं सरलाताईंनीच आणलेला अळिवाचा लाडू तोंडात टाकला. तिसरा.

झालं, उत्तराच्या डोक्यात भुंगा शिरला. पुस्तक कधी निघणार? एकदा सरलाताई पोरीला काजळ घालत असताना तिनं पर्समध्ये हळूच डोकावलंच. तेलाची बाटली, बेसनाची डबी, आणि खरंच, कडा झिजलेलं एक काळं पुस्तक. म्हणजे होतं तर! पण ते काही बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. उत्तराला स्वतःचीच लाज वाटली, तरी कुतूहल काही जाईना.

कारण एक गोष्ट मात्र होती. न्हाणं झालं की टॉवेलात गुंडाळलेल्या पोरीच्या टाळूवर सरलाताई हात ठेवायच्या. डोळे मिटायचे, ओठ हलायचे. काय म्हणत असतील? प्रश्न रोज उत्तराच्या ओठांवर यायचा आणि रोज परत जायचा.

सव्वा महिन्यावर ठेवलेलं बारसं जवळ आलं तशी मराठी मंडळातल्या बायकांची कुजबुज पुरुषोत्तमच्या कानावर आली. त्यांना घरात कशाला एवढं शिरू देता, वगैरे. शनिवारी त्यानं सरलाताईंना दारातच गाठलं.

"खूप केलंत तुम्ही. पण उद्यापासून नका येऊ. उत्तराला जमतं आता सगळं."

सरलाताईंनी उत्तराकडे बघितलं. "जमतं का गं?"

नाही म्हण, उत्तराचं मन ओरडत होतं. नाही जमत, तुम्ही हव्या आहात म्हण ना, मेले! ती मान खाली घालून उभी राहिली.

"मग आज तू घाल," सरलाताई म्हणाल्या. "मी पाणी ओतते."

उत्तरा टबात बसली. तेलकट पोर निसटेल या धास्तीनं तिनं तिला घट्ट धरलं होतं. सरलाताई एका हातानं पाणी ओतत होत्या. दुसरा हात पोरीच्या खाली धरलेला, कुठंही न टेकवता, अगदी शेवटपर्यंत.

मग त्यांनी टाळूवर हात ठेवला. आता नाही तर कधीच नाही. "ताई, रोज काय म्हणता हो?"

"मी होय?" त्या हसल्या. "म्हणते, प्रभू, लेकरू तुझं आहे. आज सांभाळ, उद्या मी येतेच. आज शेवटचं तेवढं गाळलं."

उत्तरानं पोरीला छातीशी घेतलं. "इतके दिवस बोलला नाहीत कधी?"

"तू विचारलं नाहीस."

तेलाची बाटली तिथंच ठेवून त्या गेल्या.

बारसं थाटात झालं. पाळणा म्हणताना उत्तराचं सगळं लक्ष दाराकडे होतं. पण बोलावलंच नव्हतं, तर येणार कोण? आठवड्यानं तिनं हिय्या करून हॉस्पिटलात फोन लावला. सरला साळवे नोकरी सोडून अॅरिझोनाला बहिणीकडे गेल्या होत्या. पत्ता कोणाकडे नव्हता. ती ढसाढसा रडली. पुरुषोत्तम म्हणाला, "चुकलंच माझं." पण हे जिनं ऐकायला हवं होतं ती बाई आता तिथं नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या बिल्डिंगमध्ये श्रीरंग आणि सुनेत्राला मुलगा झाला. श्रीरंग पीएचडीच्या अभ्यासात बुडालेला, घरी मोठं माणूस कोणी नाही. उत्तरा तेलाची ती बाटली घेऊन रोज जाऊ लागली. चौथ्या दिवशी श्रीरंगनं अवघडत विचारलंच, "वहिनी, तुम्ही एवढं करता... आमच्याकडून तुम्हाला काय हवंय?"

"गरम पाणी," उत्तरा म्हणाली. "आणि टॉवेल कोरडा हवा."

न्हाणं झालं. तिनं बाळाच्या टाळूवर हात ठेवून डोळे मिटले. कोणत्या देवाला म्हणायचं ते तिचं अजून ठरलं नव्हतं, शब्द मात्र तेच होते. डोळे उघडले तर सुनेत्रा टक लावून तिच्या ओठांकडे बघत होती.

"वहिनी, रोज काय म्हणता हो?"

उत्तरानं टॉवेलाचं टोक नीट आत खोचलं.

"नगरच्या एक सरलाताई होत्या," ती म्हणाली.