खुब्याची मेणबत्ती

बोर्तोलोने चाळीस वर्षं व्हेनिसच्या मोठ्या कालव्यावर प्रवासी बोट हाकली आणि तेवढीच वर्षं देवाशी अबोला धरला. दर एकवीस नोव्हेंबरला, आरोग्यमातेच्या सणाला, बायको नेरिना तिच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायची आणि हा बाहेर गुलगुले खात उभा असायचा.

यंदा येत्या सोमवारी नेरिनाच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. चर्चच्या वाटेवरच्या पुलाच्या पायऱ्या तिला जमणार नव्हत्या.

"दोन लाव," तिने बजावलं. "एक माझी, एक डॉक्टरची."

"त्याला काय धाड भरलीय?"

"हात थरथरायला नको त्याचा. आणि खिशात घालून परत आणू नकोस, मला कळतं."

चर्चच्या आत ही गर्दी. मेणबत्त्यांपाशी उभी असलेली बाई प्रत्येकाची मेणबत्ती घेई, पेटवी, खिळ्यावर खोची आणि दोन-तीन मिनिटांत विझवून खोक्यात टाकी. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. मातेला मुद्दा कळला असणार, असं धरून लोक सुखाने घरी जात. बोर्तोलोलाही ही पद्धत आजपर्यंत शहाणपणाची वाटत होती.

"बाई, माझ्या या दोन जळू द्या."

"काका, मागची रांग बघा. जागा नको करायला?"

"प्लेग सरला म्हणून आपल्या लोकांनी चिखलात लाखो खुंट ठोकून हे एवढं चर्च उभं केलं. माझ्या बायकोच्या खुब्याला पाऊण तास मिळत नाही?"

"सगळ्यांना पाऊण तास दिला तर ईस्टर उजाडेल." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "ऑपरेशन कधी?"

"सोमवारी."

"कडेचे दोन खिळे तुमचे. पण इथून हलायचं नाही. मी वळले की दुसरं कोणीतरी फुंकर मारेल."

बोर्तोलो पहाऱ्याला उभा राहिला. नुसतं उभं राहणं त्याच्या रक्तात नव्हतं. "पुढे सरका, दारात गर्दी नको!" तो बोटीवरच्या आवाजात खेकसला. रांग मुकाट्याने सरकली. बाईने मान डोलावली.

फोन वाजला.

"आहेस कुठे? मटणाचं सूप गार झालं."

"चर्चमध्ये."

"अजून? बरं नाही का तुला?"

"डॉक्टरची वाऱ्याने लवकर संपली. तुझी अर्धी बाकी आहे."

पलीकडे पातेलं उचलल्याचा आवाज आला.

"मग थांब," नेरिना म्हणाली. "सूप परत गॅसवर ठेवते. आणि वाऱ्याला आडवा उभा राहा."

"राहिलोय," बोर्तोलो म्हणाला.