तीन आणि आठ

रुबिलिनच्या पोटात बाळ नव्हतंच. सोनोग्राफीत दिसले ते द्राक्षाच्या घोसासारखे पाण्याचे फुगे. ते काढून टाकले, तरी रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन उतरेना. उलट चढायला लागलं. गर्भाशयात कर्करोगाची गाठ धरली होती. म्हणून फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरून मोटारबोटीने ती समोरच्या इलोइलो शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात आली.

शेजारच्या खाटेवर लिझा होती. पूर्ण नाव फ्लोरदेलिझा, शहरातल्याच ला पाझच्या बाजारात सुकी मासळी विकणारी. तिला तिसरी मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं आणि काही महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडायला लागलं. आजार तोच, पण फुप्फुसात पोहोचलेला.

डॉक्टर व्हिलारुएल दोघींच्या मधोमध स्टूल ओढून बसल्या.

"या आजारात आम्ही गुण मोजतो. वय, आधीचं गरोदरपण कसं होतं, त्याला किती काळ लोटला, हार्मोन किती, गाठ केवढी, कुठे पसरली. सहापर्यंत एकच औषध पुरतं. त्याच्या वर गेलं की अनेक औषधं एकत्र द्यावी लागतात. रुबिलिन, तुझे तीन. लिझा, तुझे आठ."

"शाळेत कधी एवढे मिळाले नाहीत," लिझा म्हणाली. "आणि इथे मिळाले तर नको असलेले!"

कशाचे किती, असं तिनेच खोदून विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रुबिलिनने एक गोष्ट नेमकी लक्षात ठेवली. फुग्यांच्या गरोदरपणाला शून्य. दिवस भरून झालेल्या बाळंतपणाला दोन.

शून्य. हेही शून्यच.

औषधं सुरू झाली. रुबिलिनचं तोंड आलं, भाताची पेजसुद्धा झोंबायची, पण ती हिंडूफिरू शकत होती. लिझा मात्र ओकून ओकून गळून जायची. तिचे केस पुंजक्यांनी उशीवर यायला लागले.

"ही बघा तीनची राणी, वेणी घालतेय," लिझा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायची. "इंदाय, ए पोरी, जरा आमच्याकडे पाठ करून घाल गं!"

सगळ्या हसायच्या. रुबिलिनही हसायची; वयाने मोठ्या लिझाला ती मनांग, म्हणजे ताई, म्हणायची. लिझाला वाटायचं, हिला काय कमी आहे? आणि रुबिलिन लिझाच्या अंगावरच्या गाऊनकडे बघत राहायची. औषधामुळे बाळाला पाजायला बंदी होती, पण छातीवर दुधाचे ओले डाग अजून उमटत होते. ते डाग बघवत नसत तिला. मरणाच्या दारात बसलेल्या बाईचा हेवा करतोय आपण, हे कळत होतं. तरी आत जळायचं ते जळायचंच.

रविवारी लिझाचा नवरा रोदेल बाळाला, मायुमीला, घेऊन व्हरांड्यात आला. बाळ आईच्या छातीशी तोंड घासून रडायला लागलं. लिझाने कसंबसं त्याला नवऱ्याकडे दिलं आणि आत येऊन खाटेवर बसली. समोर रुबिलिन केस विंचरत होती.

"तुझं बरं आहे बाई," लिझा तुटकपणे म्हणाली. "ना जीव कासावीस, ना कुणाची काळजी. मोकळी आहेस."

रुबिलिनचा हात थांबला.

"तुझे दोन गुण त्या बाळानेच दिलेत, मनांग. ती नसती तर सहाच झाले असते. केस राहिले असते तुझेही."

लिझाने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

पुढच्या रविवारी ती व्हरांड्यात गेलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाहेर रोदेल बाळाला थोपटत उभा होता. आपल्याला बरं वाटेल असं रुबिलिनला वाटलं होतं. क्षणभर वाटलंही. मग बाळाचं रडणं थांबेना. डॉक्टर आल्या तशी रुबिलिन खाटेवरून उठली.

"डॉक्टर, मनांगचं दुखणं बाळामुळे वाढलं का?"

"कोण म्हणालं असं?"

"मी म्हणाले. मीच सांगितलं तिला."

डॉक्टरांनी लिझाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळाने काहीही केलेलं नाही. बाळंतपणानंतरची गाठ जास्त चिवट असते, एवढंच ते दोन गुण सांगतात. ते मोजले नसते, तर मी तुला कमी पडणारं औषध दिलं असतं."

डॉक्टर गेल्यावर लिझा उठून बसली.

"का बोललीस तसं?"

"हेवा वाटतो तुझा." रुबिलिन म्हणाली. "तुझे आठ मला दे. बाळासकट दे."

"आणि मी रोज देवाशी भांडते, त्या पोरीला तीन आणि मला आठ का म्हणून! वेड्या आहोत आपण." लिझाने पायाने सपाता चाचपल्या. "पण परत असं बोललीस तर थोबाड फोडीन."

आणि ती बाहेर गेली.

रुबिलिन आधी बरी झाली. वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, ही ताकीद घेऊन बेटावर परतली. लिझाला बरेच महिने लागले, पण तिचंही हार्मोन उतरलं आणि उतरलेलंच राहिलं.

मायुमीचा बाप्तिस्मा रखडला होता, तो मग झाला. लिझाने धर्ममाता म्हणून रुबिलिनला बोलावलं. डोक्यावर पाणी पडताच पोरगी दचकून तिच्या गळ्याला घट्ट बिलगली, आणि रुबिलिनच्या आत पुन्हा तेच जळायला लागलं. गेलं नव्हतं ते.

चर्चच्या अंगणात लिझाने हात पुढे केले. "दे इकडे. दमली असशील."

"थोडा वेळ राहू दे ना, मनांग."

लिझाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतले आणि पाहुण्यांना शेवया वाढायला निघून गेली.