बेचक्यावरचा हात

“गनीभाई, आज टँकर न्हाई पोचला तर बाया माझ्यावर रिकामे हंडे फेकत्याल,” असं म्हणत गोरक्ष ड्रायव्हर नको तिथेच, पडद्याला खेटून उकिडवा बसला.

पडद्याआड गनीभाईंनी उचललेला घण तसाच खाली टेकवला.

कोल्हारच्या पुलाअलीकडचं त्यांचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक बाभूळ. प्रवरेचं पात्र उघडं पडलेलं, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. रस्त्याला जाग होती ती पाण्याच्या टँकरांची. गोरक्षच्या टँकरचं पुढचं चाक काढलं होतं. स्टेअरिंगची दांडी चाकाच्या आर्मला जोडणारा गोळा झिजला होता, तो बदलायचा. नट काढला म्हणून गोळा थोडाच सुटतो! त्याचा निमुळता खुंट आर्मच्या भोकात असा रुतून बसतो की मध्ये हातभर लांबीचं, दोन दातांचं बेचकं घालून त्याच्या माथ्यावर घण हाणावा लागतो. एकाने बेचकं धरायचं, दुसऱ्याने मारायचं.

धरायची शरिफा, त्यांची बायको. बाईमाणूस गाडीखाली काम करतं म्हणून मिस्त्री मडगार्डला चादर बांधतात, असं गाव समजून होतं. चादर खरी होती गनीभाईंच्या डोळ्यांसाठी. वर्षभरात ते पार गेले. नस वाळली म्हणून नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. स्टेअरिंगला हात घालणारा मिस्त्री आंधळा आहे हे कळल्यावर कोण शहाणा दारात गाडी उभी करील? अहो, गनीभाईंनी स्वतःही केली नसती. म्हणून तर प्रत्येक नट आणि प्रत्येक पीन दोघांच्या बोटांखालून जायची, आणि आजवर त्यांच्या हातची एक गाडी वाकडी गेली नव्हती. पण हे सांगणार कुणाला? जमीन नाही, मूलबाळ नाही, आणि खडी फोडायची म्हटली तरी डोळे लागतात.

त्यांचं काम चालायचं ते बांगडीवर. शरिफा बेचक्याचा दांडा खालून धरायची आणि मनगटातली बांगडी त्यावर वाजवायची. आवाज आला की वीतभर पुढे घण. हात जुना होता, एकदाही चुकला नाही.

पण मोहरम लागला. मोहरमात बांगड्या उतरवून ठेवायची शरिफाच्या घरची रीत. गेल्या मोहरमला त्यांना थोडं तरी दिसत होतं, तेव्हा निभावलं. यंदा तिने तोड काढली. हातात एक नट घ्यायचा, तो बेचक्याच्या माथ्यावर वाजवायचा, बोटं काढून घ्यायची आणि मग “हां” म्हणायचं. हां आलं की घण. परवा गोरक्षनेच हसत विचारलं होतं, भाभींनी हां म्हटल्याबिगर मिस्त्रींचा घण उठत नाही की काय. गनीभाईंनी हसण्यावारी नेलं, शरिफाने मात्र धसका घेतला. आणि आज हाच बाबा कानाशी येऊन बसला होता.

नट वाजला. हां आलं नाही. गनीभाई क्षणभर अडखळले, पण वर्षभराची सवय हातात होती, आवाज आला की मारायचं. घण पडला.

आवाज बोदा आला. लोखंडावर लोखंडाचा नव्हताच तो.

“निघाला का वो?” गोरक्षने बाहेरून विचारलं.

“न्हाई अजून,” शरिफा म्हणाली. आवाज थोडा जड, एवढंच. “मारा तुमी.”

नट पुन्हा वाजला, पण दुसऱ्या बाजूने. तिने हात बदलला होता. गनीभाईंना सगळं कळलं, आणि कळूनही घण उचलावा लागला. इतकं जड त्यांनी जन्मात काही उचललं नव्हतं. मनातल्या मनात तिची बोटं निघेपर्यंत ते थांबले आणि मग मारलं. आणखी एका घावात गोळा सुटून मातीत पडला.

नवा गोळा बसला. गनीभाईंनी नट आवळला, पीन घालून वाकवली. शरिफाने ती डाव्या हाताने पुन्हा चाचपली, दांडी हलवून बघितली आणि मगच सरकली. चाक चढलं. देवासारखे भेटलात म्हणून गोरक्ष टँकर घेऊन गेला.

गनीभाईंनी हात पुढे केला. तिने डावा दिला. त्यांनी दुसरा मागितला. दोन बोटं चिंधीत गुंडाळलेली होती आणि चिंधी ओली होती. मग गनीभाई रडले. डोळ्यांना तेवढं काम उरलं होतं. दवाखान्यात चल म्हणाले, तर कसं लागलं विचारतील म्हणून ती उठेना.

“बास झालं. उद्या सांगून टाकतो समद्यांना.”

“आन खायाचं काय?” शरिफा म्हणाली. “मोहरम तर सरू द्या. बांगड्या चढल्या का व्हईल पैल्यावानी.”

संध्याकाळी ते चुलीपाशी बसून ऐकत होते. रेशनची मिलो ज्वारी आधीच ठिसूळ, त्यात थापणारा हात डावा. थाप पडायची, थांबायची, पुन्हा पडायची. भाकरी तव्यावर टाकताना मोडली, तेही त्यांना ऐकू आलं. शरिफाने तुकडे ताटलीत एकाला एक जुळवून गोल लावले आणि ताटली पुढे सरकवली.

गनीभाईंनी भाकरीवरून बोटं फिरवली. प्रत्येक फट बोटाला लागली.

“झ्याक गोल झाली,” ते म्हणाले, आणि कडेचा तुकडा अलगद उचलला.